सही काढणं आणि सही करणं

(बचत गटांच्या कार्यकर्त्या, ग्रामपंचायत सदस्या आणि साक्षरता वर्गातल्या स्त्रिया यांच्या एकत्र शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपल्या भाषेत सहीसाठी किती क्रियापदं आहेत बघा. साहेब सही करतात. घाईतला कारकून सही ठोकतो. दीर-भाऊ आपल्याकडून सही घेतात. आणि साक्षरता वर्गातून आलेली बाई म्हणते, "आता मला सही काढता येते." काढता येते! जशी रांगोळी काढावी, चित्र काढावं, तशी. बाईंनी फळ्यावर जे गिरवून दिलं, ते वरून खाली, डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर जपून उतरवायचं. बोट दुखेपर्यंत पेन दाबायचं. चार अक्षरांना दोन मिनिटं लागतात.

मी याला हसत नाही. पन्नाशीला पहिल्यांदा पेन धरणाऱ्या हाताला ते किती जड जातं हे मी पाहिलं आहे. पण गणनेत आपण "साक्षर" म्हणून मोजल्या गेलो की काम संपलं, असं सरकारला वाटतं, आणि कधी कधी आपल्यालाही. आज मला एवढंच सांगायचं आहे की सही काढणं आणि सही करणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर आपण कापलं नाही तर आपली सही दुसऱ्याच्याच कामाला येते.

आधी अंगठ्याबद्दल बोलू. "अंगठेबहाद्दर" ही शिवी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती मनातून काढून टाका. जुन्या मराठी कागदांवर पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढत असे. बाईच्या निशाणीला बांगडी काढलेलीही आढळते. त्यांना कोणी अडाणी म्हणत नव्हतं. इंग्रजांच्या काळात १८५८ साली बंगालमधल्या विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, आणि तिथून ठशांचा सरकारी वापर वाढत गेला. १८९७ च्या कायद्यानं लिहिता न येणाऱ्या माणसाची निशाणी ही सहीच मानली आहे. आणि आज दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जमिनीचा दस्त नोंदवायला जा. तिथं प्रोफेसर असो, डॉक्टर असो, सगळ्यांना बोटाचा ठसा आणि फोटो द्यावाच लागतो. तेव्हा अंगठ्याची लाज बाळगायचं कारण नाही.

मग सही कशासाठी? कारण अंगठा घेता येतो, सही करावी लागते. झोपलेल्या, आजारी, घाबरलेल्या बाईचा अंगठा धरून कागदावर टेकवता येतो. सही तशी होत नाही. हात तिला स्वतःला चालवावा लागतो. शिवाय भांडी घासून, ऊस तोडून, विटा उचलून आपल्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातलं यंत्र ते बोट ओळखत नाही, हे तुमच्यापैकी कितीतरी जणींनी भोगलं आहे. आयुष्यभराच्या कामानं जो ठसा पुसला जातो, त्याच्या जोडीला आपल्याकडे आणखी काहीतरी असलं पाहिजे.

आता काढलेल्या सहीचा धोका काय, ते नीट ऐका. हस्ताक्षर तपासणारे तज्ज्ञ खोटी सही कशी ओळखतात? ती सावकाश काढलेली असते. रेघ थरथरते. पेन मध्येच उचललेलं असतं, पुन्हा टेकवलेलं असतं. दाब सगळीकडे सारखा असतो. अक्षराची सुरुवात आणि शेवट बोथट असतो. खऱ्या सहीला वेग असतो. कुठं दाब पडतो, कुठं हलका होतो, शेवटची रेघ निसटत जाते. आणि खऱ्या माणसाच्या दोन सह्या तंतोतंत सारख्या कधीच नसतात. अगदी सारख्या असल्या तर उलट संशय येतो, की एकीवर दुसरी ठेवून गिरवली आहे.

आता आपल्या नवसाक्षर बाईची सही डोळ्यांसमोर आणा. सावकाश काढलेली, थरथरणारी, प्रत्येक अक्षराला पेन उचललेलं, दाब सारखा. म्हणजे तिची खरी सही खोट्या सहीसारखी दिसते. आणि फळ्यावरचं ते सुटं सुटं, गोल अक्षर तिच्या पुतण्यालाही काढता येतं. म्हणून तिची खोटी सही खरीसारखी दिसते. वर्गातल्या वीस बायकांना एकाच बाईंनी शिकवलेलं असेल तर वीसही जणींचं अक्षर एकाच वळणाचं. उद्या कोर्टात "ही सही माझी नाही" असं तिनं म्हटलं, तर ती सिद्ध कशी करणार?

कोर्टात सही ओळखायचे रस्ते कोणते? न्यायाधीश दोन सह्या स्वतः ताडून पाहू शकतात. तज्ज्ञाचं मत घेता येतं. आणि तिसरा रस्ता आपल्या फार कामाचा आहे. जिनं त्या व्यक्तीला लिहिताना पाहिलं आहे, किंवा जिच्याकडे तिचे कागद नेहमी येत-जात असतात, ती साक्ष देऊ शकते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. आता विचार करा. घरातल्या बाईला सही करताना कोणी पाहिलेलं असतं? नवऱ्यानं, सासऱ्यानं, दिरानं. म्हणजे ज्यांच्याशी भांडण, तेच साक्षीदार. पण जी बाई दर महिन्याला गटाच्या बैठकीत पंधरा जणींसमोर सही करते, तिच्याकडे पंधरा साक्षीदार आहेत आणि वर्षानुवर्षांच्या तारीखवार सह्या असलेलं रजिस्टर आहे. आपण ते रजिस्टर कंटाळून भरतो. सचिव सगळ्यांच्या सह्या स्वतःच करून टाकते, वेळ वाचतो म्हणून. तसं करू नका. ते रजिस्टर म्हणजे आपल्या सहीचा खजिना आहे.

तर स्वतःची सही तयार कशी करायची? त्यासाठी फार शिकलेलं असावं लागत नाही. सवय लागते.

पहिली गोष्ट, सही आपल्या लिपीत चालते. मराठीतून केलेली सही बँकेला घ्यावीच लागते. इंग्रजीत सही केली म्हणजे मान वाढतो, हा समज सोडा. ज्या अक्षरांचा हाताला सराव आहे त्यांतच वेग येतो.

दुसरी गोष्ट, नुसतं आद्याक्षर नको. निदान आपलं पूर्ण नाव तरी असू द्या. जितकी अक्षरं जास्त, तितक्या आपल्या हाताच्या खुणा जास्त. देवनागरीत तर डोक्यावरची रेघसुद्धा आपली ओळख होते. कोणी ती आधी ओढते, कोणी शेवटी. कोणाची मध्ये तुटते, कोणाची नावाच्या पुढं निघून जाते. वेलांटी कशी फिरते, मात्रा कुठून उतरते, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. ते वेगळेपण चूक म्हणून पुसायचं नाही. शाळेत सुवाच्य अक्षराला गुण मिळतात. सहीला फळ्यासारखं असण्याची गरज नसते. ती आपल्या हातासारखी असावी.

तिसरी गोष्ट, फार नक्षी नको. वेलबुट्टी काढलेली सही पुन्हा तशी जमत नाही, आणि मग बँक म्हणते की सही जुळत नाही. चार-पाच प्रकारे नाव लिहून बघा. ज्या प्रकारात हात न अडखळता चालतो तो धरा. मग महिनाभर रोज वीस वेळा. बसून, उभं राहून, मांडीवर वही ठेवून, फॉर्मवरच्या एवढ्याशा चौकोनात. लक्ष न देता सही होऊ लागली की समजा ती तुमची झाली.

चौथी गोष्ट, बँकेत, दस्तावर, पंचायतीत एकच सही ठेवा. वयानं, आजारानं हात बदलला तर बँकेत अर्ज देऊन नमुन्याची सही नव्यानं नोंदवता येते. आणि "माझी सही तूच कर गं" असं मुलीला किंवा सुनेलाही सांगू नका. एकदा घरात तुमची सही दुसऱ्याच्या हाताला आली की ती घरभर होते.

आता प्रश्न येतो, सही कुठल्या नावाची? पुरुषाला हा प्रश्न पडत नाही. सोळाव्या वर्षी केलेली सही तो साठीतही करतो. आपल्याकडे तांदळात नाव लिहितात आणि बाईचं आडनाव, मधलं नाव, काही घरांत तर पहिलं नावसुद्धा बदलतं. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुना. आज शिकलेल्या मुलीचं प्रमाणपत्र एका नावाचं, बँकेचं खातं दुसऱ्या नावाचं, आणि घटस्फोट झाला तर तिसरं. प्रत्येक वेळी सही मोडून नवी करायची. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. बदलायचं तर तुमच्या इच्छेनं बदला, पण "कायदाच आहे" असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. आणि नाव बदललं तरी सहीत नुसतं पहिलं नाव ठेवायला काही हरकत नाही. ते कोणी दिलं-घेतलं तरी सही टिकते.

नाव लिहिण्याची हिंमत ही साधी गोष्ट नाही. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' स्वतःच्या नावानं छापलं. तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, रखमाबाईंनी बालविवाहाविरुद्ध टाइम्स ऑफ इंडियाला पत्रं लिहिली, तेव्हा त्यांना खाली नाव घालता आलं नाही. "एक हिंदू स्त्री" एवढंच घातलं. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला होता आणि खटला चालू होता. १८८७ साली कोर्टानं नवऱ्याकडे जा नाही तर तुरुंगात जा असा हुकूम दिला, तेव्हा तुरुंग पत्करते म्हणणारी हीच बाई. पुढं ती डॉक्टर झाली आणि आपल्या नावानं तिनं अनेक वर्षं रुग्णसेवा केली.

आता सही कुठं मागतात आणि कुठं मागत नाहीत ते बघू. दोन्हीकडे आपला तोटा आहे.

जिथं आपली सही पुरेशी आहे तिथं पुरुषाची मागतात. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती त्याला पुरते. नवऱ्याची सही कायद्यात नाही. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेलाही जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. तरी दवाखान्यात "मिस्टरांना घेऊन या" हे ठरलेलं. मुलांच्या बाबतीतही तेच. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला. पालक म्हणून आईची सही होती. वडिलांची सही आणा, असं बँकेनं कळवलं. वडील जिवंत होते, राजी होते, त्यांनीच आईला पालक म्हटलं होतं, तरी! कारण १९५६ च्या पालकत्व कायद्यात "वडील, आणि त्यांच्यानंतर आई" असं लिहिलं आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की "त्यांच्यानंतर" याचा अर्थ वडील मेल्यावर असा नाही. वडील प्रत्यक्ष लक्ष घालत नसतील, किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर आई पालक म्हणून सही करू शकते. एका आईची एक सही मान्य व्हायला जवळजवळ पंधरा वर्षं लागली.

आणि जिथं आपलं नुकसान आहे तिथं आपली सही अगदी मानानं मागतात. भाऊबीज झाली, साडी-चोळी झाली, आणि मग भाऊ म्हणतो, "ताई, जरा तालुक्याला येऊन जा, एक सही हवी." तो कागद असतो हक्कसोड पत्राचा. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं, की कायदा बदलला त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असं नाही. कायद्यानं एवढं दिलं, ते एका सहीनं परत जातं. मी असं म्हणत नाही की कोणीच हक्क सोडू नये. भावाची परिस्थिती वाईट असेल, तुमचं मन तसं सांगत असेल, तर जरूर सोडा. पण माहेर तुटेल या भीतीनं नको, आणि कागद न वाचता तर मुळीच नको.

पंचायतीतल्या मैत्रिणींसाठी मुद्दाम सांगते. १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा आपल्या आहेत. ग्रामनिधीचे पैसे सरपंच आणि सचिव यांच्या दोघांच्या सहीनं निघतात. नवरा कारभार बघतो आणि बाई चेकबुकावर ओळीनं सह्या करून ठेवते, असं चालतं. चौकशी लागली की नोटीस नवऱ्याला येत नाही. जिची सही तिला येते. कोऱ्या चेकचंही तसंच. स्वखुशीनं सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर आकडा दुसऱ्यानं भरला, तरी सही करणाऱ्याला जबाबदार धरता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलं आहे. कोरा चेक, कोरा कागद, कोरा स्टॅम्प, यांवर सही म्हणजे घराची किल्ली रस्त्यावर टाकणं.

पोलीस ठाण्यातलंही लक्षात ठेवा. फिर्याद लिहून झाली की ती तुम्हाला वाचून दाखवायची आणि मग सही घ्यायची, असा नियम आहे. तिची प्रत तुम्हाला फुकट मिळते. आता फिर्याद ऑनलाइनही देता येते, पण ती नोंदली जायला तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. पुढं तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर मात्र सही घ्यायची नसते. तिथं सही मागितली तर का, असं विचारा.

सही करण्याइतकीच सही न करण्याचीही सवय लागते. त्यासाठी तीन वाक्यं पाठ करा. "मोठ्यानं वाचून दाखवा." "घरी नेते, उद्या सांगते." "प्रत द्या." जो माणूस या तीन वाक्यांना चिडतो त्याच्या कागदात काहीतरी खोट आहे असं खुशाल समजा. सही करायचीच ठरली तर खाली आपल्या हातानं तारीख घाला. प्रत्येक पानावर सही करा. रिकाम्या जागेवर तिरपी रेघ मारा. कोणी धाक दाखवून, फसवून सही घेतली असेल तर ती शेवटची नव्हे. अशा संमतीचा करार रद्द करून घेता येतो. मात्र गप्प बसलं की पुरावा विरतो. लगेच लेखी तक्रार करा, पोच घ्या, गटातल्या दोघींना सांगा. परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जावर सही झाली असली तरी हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच सांगितलं आहे.

शेवटी आपल्या चळवळीबद्दल. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. खाली फक्त चार सह्या. त्या पत्रानं देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

आणि गावातलं बघा. दारूचं दुकान बंद करायला बाटली आडवी करण्याचं मतदान हवं असेल तर महाराष्ट्रात निदान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. त्या सह्यांची पडताळणी होते. तिथं एकीनं दहा जणींच्या सह्या केल्या असल्या, किंवा कोणाची सही तिलाच पुन्हा तशी जमली नाही, तर दुकानदाराला तेवढंच हवं असतं. म्हणून सही हा प्रत्येकीचा एकटीचा प्रश्न नाही. जिची सही पक्की, तिचं मोर्चातलं पाऊलही पक्कं मोजलं जातं.

आता वह्या उघडा. पहिल्या ओळीवर रोजच्यासारखी सही काढा. मग त्या ओळीवर हात ठेवून ती झाका, आणि खाली न बघता, न थांबता आपलं नाव लिहा. वाकडं आलं तर येऊ द्या. मग शेजारणीला ते करून बघायला सांगा. तिला जमलं नाही, की समजा सुरुवात झाली.